कॅज्युअल्टीत आपल्याला थांबवून का ठेवतात, आणि बिल नक्की कुठे वाढतं

दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात आमचे आप्पा, म्हणजे माझे धाकटे काका, हापूसच्या कलमावरून पडले. हातात झेला, म्हणजे आंबे काढायची जाळी लावलेली काठी होती, फांदी मोडली आणि सगळा भार डाव्या मनगटावर आला. संध्याकाळी सातला आम्ही त्यांना घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, केसपेपर काढला, सिस्टरने हात बघितला, बोटं हलवायला सांगितली, एकेक नख दाबून सोडून बघितलं, हाताखाली फळी देऊन झोळी बांधली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसायला सांगितलं. बसलो ते जवळजवळ अडीच तास.

मधेच एक बारा-तेरा वर्षांची मुलगी आली, चालत आली, रडत पण नव्हती, पायाला साडीचा काठ बांधलेला. तिला सरळ आत घेतलं. काकी तडक उठून सिस्टरकडे गेली, "आमी आधी इलंव, मगे तिका कित्याक आत घेतल्यानी?" सिस्टर शांतपणे म्हणाली, काकी, यांचा हात मोडलाय पण बोटांत रक्त नीट पोचतंय, मी बघितलंय. तिला साप चावलाय.

त्या रात्री मला पण रागच आला होता, खोटं कशाला बोलू. नंतर आईच्या आजारपणात वर्षभर दवाखान्यांच्या फेऱ्या झाल्या, डॉक्टर-सिस्टर लोकांना विचार विचार विचारलं, कागद वाचले, आणि तेव्हा कळलं की आपण कॅज्युअल्टीतल्या बाकावर बसून जी वाट बघतो ती बहुतेक वेळा धोक्याची नसते, धोक्याची वाट आपण घरी आणि रस्त्यात बघून आलेलो असतो. पैशाचं पण तसंच, बिल डिस्चार्जच्या दिवशी वाढत नाही, ते पहिल्या तासाभरात आपण न विचारता जे हो म्हणतो तिथेच ठरतं. हे दोन्ही नीट सांगायचं म्हणून हा लेख.

आधी नंबराचं. ओपीडीत जो आधी आला तो आधी, कॅज्युअल्टीत तसं नाही. तिथे जो जास्त धोक्यात तो आधी. याला ट्रायाज म्हणतात. मोठ्या हॉस्पिटलात लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांनी पेशंट वेगळे करतात: लाल म्हणजे आत्ता हात लावला नाही तर जीव जाईल, पिवळा म्हणजे लवकर बघायला हवं पण काही वेळ थांबू शकतो, हिरवा म्हणजे दुखत असेल पण थांबलं तरी चालेल. तालुक्याच्या दवाखान्यात रंगाच्या पट्ट्या दिसतीलच असं नाही, पण सिस्टर तेच डोक्यात करत असते. श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास नीट चालतोय का, रक्त नीट फिरतंय का, शुद्धीवर आहे का, याच क्रमाने. आप्पांची नखं दाबली ना, ती याचसाठी. दाबल्यावर नख पांढरं पडतं आणि सोडल्यावर दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं तर बोटापर्यंत रक्त पोचतंय. आम्हाला वाटलं आमच्याकडे कोणी बघितलंच नाही, खरं तर पहिल्या पाच मिनिटांतच बघून झालं होतं.

मात्र थांबलेल्या माणसाची तब्येत बदलू शकते. म्हणून बाकावर बसल्या बसल्या श्वास लागायला लागला, घाम फुटला, बडबड सुरू झाली, उलटीत रक्त दिसलं, मोडलेल्या हाताची बोटं थंड किंवा निळी पडली तर नंबराची लाज बाळगू नका, उठा आणि सांगा. "किती वेळ लागेल?" असं विचारू नका, "आधी असं नव्हतं, आता असं होतंय" असं सांगा. या वाक्याने सिस्टर लगेच उठते, मी स्वतः बघितलंय.

आता त्या मुलीचं, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच शिकायला मिळालं. तिला आत घेतलं खरं, पण घेतल्या घेतल्या कोणी सापाचं इंजेक्शन दिलं नाही. तिचे वडील दारात उभे राहून चिडले होते, इंजेक्शन द्या म्हणून. सिस्टरने थोडं रक्त काढलं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घातलं आणि नळी ट्रेमधे उभी करून घड्याळ बघितलं. वीस मिनिटं त्या नळीला कोणी हात लावला नाही. मग तिने ती हळूच तिरकी केली. रक्त गोठलेलं असतं तर जागच्या जागी राहिलं असतं, ते पाण्यासारखं काठाला वाहिलं. लगेच डॉक्टरला हाक, आणि इंजेक्शनच्या बाटल्या निघाल्या.

ही वीस मिनिटांची टेस्ट आहे, तिला ना मशीन लागतं ना लॅब. आपल्याकडे विषारी सापांत मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि फुरसं तर कोकणातल्या कातळावर, गडग्यात, पाचोळ्यात सगळीकडे. घोणस आणि फुरशाचं विष रक्ताची गोठायची ताकद घालवतं, म्हणून ही टेस्ट. नाग आणि मण्यारचं विष नसांवर जातं, त्यात पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो, तिथे पेशंटच्या डोळ्यांकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवतात. सापाने चावलं की प्रत्येक वेळी विष जातंच असं नाही, आणि त्या इंजेक्शनची काहींना जोरात रिॲक्शन येऊ शकते, म्हणून विषाची लक्षणं दिसली की मगच देतात आणि द्यायचं ठरलं की एक-दोन नाही, साधारण आठ-दहा बाटल्यांनी सुरुवात करतात. पहिली टेस्ट चांगली आली तरी तासातासाने परत बघतात. म्हणजे "नुसतं झोपवून ठेवलंय" असं जे आपल्याला वाटतं तीच तपासणी चालू असते. डोक्याला मार लागलेल्याला रात्रभर ठेवतात ते पण याचसाठी, आणि छातीत दुखणाऱ्याचा पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी काही तासांनी परत ईसीजी आणि रक्त करतात ते पण.

त्या मुलीचा वेळ कुठे गेला होता सांगू? घरी. आधी पायाला आवळून बांधलं, मग गावातल्या एकाकडे नेऊन झाडपाला लावला, मग गाडी शोधली. बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. पाय मोडल्यावर जसा स्थिर ठेवतो तसा ठेवा, चालवू नका, आणि १०८ ला फोन. साप मारून आणायची पण गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर ठीक.

विंचवाचं पण इथेच सांगते, कारण ती गोष्ट आपल्या महाडची आहे. लाल विंचू चावून कोकणात माणसं, विशेषतः पोरं, हृदय बिघडून आणि फुप्फुसात पाणी भरून जायची. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात सरकारी नोकरीत असताना असे पेशंट रात्र रात्र बसून बघितले आणि प्राझोसिन नावाची, ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी यावर चालते हे दाखवून दिलं. ऐंशीच्या दशकात त्यांचं काम लॅन्सेटसारख्या मासिकात छापून आलं, २०२२ मधे पद्मश्री मिळाली. जीव वाचवणारा उपचार महागच असतो आणि मोठ्या शहरातच मिळतो हा समज आपल्या मनातून जायला हवा, कारण त्या समजापायी लोक जवळचा दवाखाना सोडून तीन तास गाडी हाणतात.

हार्टअटॅकमधे हे सगळ्यात जास्त होतं. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आणि घरचे म्हणतात गॅस झाला असेल, सोडा-लिंबू घे, सकाळी बघू. आणि सकाळी थेट कोल्हापूर. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकलेली असते आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. अँजिओप्लास्टी, म्हणजे अडलेली नळी आतून उघडणं, साधारण दोन तासांच्या आत होणार असेल तर उत्तमच, पण देवगड-मालवणहून घाट चढून कोल्हापूर गाठायलाच तीन तास सहज जातात, मग तिथे पोचून कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, तयार होणार. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात आधी द्यायचं आणि मग पुढे न्यायचं, अशी पद्धत आहे. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा, तर तिथे शांतपणे पण ठाम विचारा, ईसीजी काढला का, आणि गुठळीचं इंजेक्शन इथे देता येईल का. लकव्याचं वेगळं. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं तर आधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव आहे की गुठळी ते बाहेरून कळत नाही, आणि गुठळीचं इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून लकव्याच्या पेशंटला नुसता जवळचा नाही, सीटी असलेला जवळचा दवाखाना बघायचा, आणि शेवटचं नीट कधी बोलले-चालले ती वेळ लक्षात ठेवून सांगायची. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

मग बाकी जी वाट असते ती कशाने? रात्री तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक एकच डॉक्टर असतो. तोच डिलिव्हरी बघतो, तोच पोलिसांनी आणलेली मारामारीची केस बघतो, त्याचे सगळे एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे कागद पण त्यालाच भरायचे असतात. एक्सरेवाला घरून बोलवायचा, हाडाचा डॉक्टर त्या दिवशी तिथे असेलच असं नाही. आप्पांचे अडीच तास यातच गेले, आत एक बाई अडली होती आणि डॉक्टर तिच्यापाशी होता. जागा रिकाम्या आहेत, भरायला हव्यात, हे भांडण आपण करायलाच हवं, पण ते ग्रामसभेत आणि आमदाराकडे, रात्री दहा वाजता सिस्टरशी नाही.

रेफर करतात तेव्हा घाईत नुसतं निघू नका. कुठे, तिथे या आजाराचा डॉक्टर आज आहे का, बेड आहे का, आधी फोन केला का, हे विचारा आणि रेफरची चिठ्ठी, ईसीजी, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं हे लिहून घ्या, नाहीतर पुढे सगळं परत पहिल्यापासून करतात, वेळ पण जातो आणि पैसे पण. सिंधुदुर्गातले लोक ओरोसचं सरकारी हॉस्पिटल, गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल नाहीतर कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल बघतात, चिपळूणकडचे डेरवणचं हॉस्पिटल, महाडकडचे मुंबईची वाट धरतात. बांबोळीला गोव्याबाहेरच्या पेशंटना २०१८ पासून फी आहे, तेव्हा रेशनकार्ड आणि योजनेचं कार्ड जवळ ठेवूनच निघा. गाडीचं म्हणाल तर १०८ ची सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, ती फुकट आहे आणि त्यात डॉक्टर असतो. प्रायव्हेट कार कदाचित दहा मिनिटं आधी निघेल, पण वाटेत हृदय थांबलं तर कारमधे कोण काय करणार?

आता पैसे.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा ते जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वेगळ्या विभागाकडे येतात, आणि आता आपल्याकडे अलिबाग, रत्नागिरी, ओरोस तिन्हीकडे सरकारी कॉलेज झालीयत, तर तिथे खिडकीवर फी काय ते आधी विचारून घ्या. सापाचं इंजेक्शन सरकारीत फुकट मिळतं, तेच प्रायव्हेटमधे एकेक बाटली शेकड्यांत जाते आणि बाटल्या दहा-वीस लागतात, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांनी ऐकलेली असते पण वापरताना गोंधळ होतो. २०१२ मधे राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आपला रायगड त्यात पहिल्यापासून होता, नाव २०१७ मधे बदललं, आणि जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळ्यांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण दोन अटी नीट समजून घ्या. एक, हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं. दोन, तुमचा आजार किंवा ऑपरेशन योजनेच्या यादीत हवं. हॉस्पिटल यादीत असलं म्हणजे तिथला प्रत्येक उपचार फुकट असं नाही, इथेच बहुतेकांचं भांडण होतं. म्हणून ॲडमिट करताना पहिलं काम, आरोग्यमित्राचं, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधायचं. इमर्जन्सीत कागद घरी राहिले असतील तर उपचार अडत नाहीत, नंतर आणून देता येतात, पण योजनेतून करायचंय हे तेव्हाच सांगायला लागतं. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवा म्हटलं तर सहसा होत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, आई-वडिलांचं काढलं नसेल तर या आठवड्यात काढा.

प्रायव्हेटचं बिल कशाने फुगतं, तर रूममुळे. हे मला आईच्या वेळी घाटावरच्या एका हॉस्पिटलात कळलं. काऊंटरवर विचारलं, जनरल की सिंगल? मी म्हटलं सिंगल, आईला झोप लागेल. मला वाटलं फक्त भाड्याचा फरक. तसं नसतं, बऱ्याच ठिकाणी रूम वर गेली की डॉक्टरची व्हिजिट, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर सगळ्याचे रेट वर जातात. त्यात पॉलिसीत रूमभाड्याला मर्यादा असली तर दुहेरी मार. समजा पॉलिसी दिवसाला ३,००० देते आणि तुम्ही ६,००० ची रूम घेतली, एकूण बिल १,२०,००० झालं. त्यात औषधं आणि टेस्ट ४०,००० धरा, त्यांना सहसा कात्री लागत नाही. राहिले ८०,०००, रूम, डॉक्टर, नर्सिंग, थिएटरचे. रूम दुप्पट घेतली म्हणून कंपनी या ८०,००० चे अर्धेच देते. म्हणजे ४०,००० तुमच्या खिशातून, आणि तुम्हाला वाटत होतं चार दिवसांचे जास्तीचे १२,००० जातील. पॉलिसीतली ती एक ओळ आज रात्री काढून वाचा.

कॅशलेसचं, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरायचं, त्याचं पण ऐका. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेसची विनंती आल्यावर इन्शुरन्स कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी शेवटची मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. डिस्चार्ज सकाळी सांगून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवतात तेव्हा कागद किती वाजता पाठवले ते विचारा, बऱ्याचदा ते हॉस्पिटलकडूनच गेलेले नसतात.

स्टेंटचा, म्हणजे हृदयाच्या नळीत बसवतात त्या जाळीचा, दर सरकारने २०१७ पासून बांधून दिलाय, आधी जो लाखाच्या वर जायचा तो एकदम खाली आला, तेव्हा बिलात स्टेंटची वेगळी ओळ आणि कंपनीचं नाव मागा. औषधं हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नसते. टेस्टसाठी एकाच ठराविक लॅबचा आग्रह झाला तर का ते विचारा, पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला कमिशन मिळतं त्याला कट प्रॅक्टिस म्हणतात, ती यामागे असू शकते, आणि बावस्कर डॉक्टरांनी तर याविरुद्ध पण उघडपणे आवाज उठवलाय. सगळे डॉक्टर तसे नसतात, आम्हाला फी न घेता फोनवर समजावणारे पण भेटले, पण विचारायचा हक्क आपला आहे.

डिपॉझिट नाही म्हणून दारातून परत पाठवलं तर? १९८९ मधे परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकारी असो की प्रायव्हेट, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. आपल्या राज्याच्या नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ पासून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंय. बिल राहिलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. ट्रस्टच्या धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के बेड गरीबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीचे असतात, वार्षिक उत्पन्न १,८०,००० च्या आत असेल तर मोफत, ३,६०,००० च्या आत असेल तर सवलत, त्यासाठी तहसीलदाराचा दाखला लागतो, तिथल्या समाजसेवकाला भेटा.

आणि आपला हायवे. अपघात बघून लोक पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने गाडी थांबवत नाहीत. २०१९ च्या कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची पण सक्ती नाही. २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत. ११२ ला फोन करा आणि हॉस्पिटलमधे अपघाताची केस आहे हे स्पष्ट सांगा.

आईच्या डिस्चार्जला मी ओळ न ओळ वेगळी असलेलं बिल मागितलं होतं. एका रविवारी डॉक्टर आलेच नव्हते, त्या दिवशीच्या दोन व्हिजिट लावल्या होत्या. दाखवल्या, काऊंटरवरच्या मुलीने काही न बोलता काढून टाकल्या.

तेव्हापासून आमच्या घरी दारामागच्या खुंटीवर बॅटरीशेजारी एक कापडी पिशवी असते. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, आयुष्मानचं कार्ड, पॉलिसीचा नंबर, आई आणि आप्पांना कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि कुठलं औषध सोसत नाही त्याची चिठ्ठी, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधे आईचा बरी असतानाचा ईसीजी, कारण जुना ईसीजी शेजारी ठेवला की नव्यात काय बदललंय ते डॉक्टरला लगेच दिसतं.